आभासी जग यंत्रात नसते

ऑनलाइन आभासी जगांविषयी मराठीत जे काही बोलले आणि लिहिले जाते, त्यात एकमेकांच्या विरुद्ध वाटणारी दोन मते सतत कानावर पडतात. पहिले मत पालकांचे, शिक्षकांचे आणि समाजस्वास्थ्याची काळजी वाहणाऱ्या लेखकांचे आहे. त्यांच्या मते खेळणारी मुले खऱ्या आयुष्याकडे पाठ फिरवून एका खोट्या जगात दडी मारतात, तिथे कमावलेले काहीच खरे नसते, आणि अशा खेळापायी लाखभर रुपयांचा नवा संगणक घेणे ही पैशाची आणि उमेदीच्या वर्षांची नासाडी आहे. दुसरे मत यंत्रे विकणाऱ्यांचे आणि त्यांच्या जाहिरातींवर विश्वास ठेवणाऱ्यांचे आहे; त्यांच्या मते ग्राफिक्स कार्ड जितके ताकदवान आणि चित्र जितके हुबेहूब, तितके ते जग अधिक खरे, आणि नवा संगणक म्हणजे त्या जगात शिरण्याचा परवाना. ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दोघांची चूक एकच आहे. दोन्ही पक्ष आभासी जग पडद्यावरच्या चित्रात शोधतात; एकाला ते चित्र फसवे वाटते आणि दुसऱ्याला ते अजून पुरेसे स्पष्ट वाटत नाही, एवढाच काय तो फरक. माणसांच्या एकत्र असण्यातून, एकमेकांवर अवलंबून राहण्यातून आणि एकाच्या करणीचे परिणाम दुसऱ्याला भोगावे लागण्यातून आभासी जग उभे राहते, ही गोष्ट दोघांच्याही हिशेबात नाही.

आभासी जग ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे. एकट्याने खेळायचा खेळ कितीही भव्य असला तरी संगणक बंद केला की तो थांबतो आणि पुन्हा सुरू केला की जिथे सोडला होता तिथूनच पुढे जातो. आभासी जग मात्र सर्व्हरवर, म्हणजे अहोरात्र चालू असणाऱ्या मध्यवर्ती संगणकांवर नांदत असते. खेळाडू झोपलेला असताना तिथे बाजारभाव चढतात-उतरतात, गिल्डमध्ये (खेळाडूंनी स्वतः बांधलेल्या संघटनेला गिल्ड म्हणतात) नवी माणसे येतात, जुनी भांडून निघून जातात. घरच्या संगणकाकडे दोनच कामे असतात: खेळाडूची आज्ञा सर्व्हरपर्यंत पोचवणे आणि सर्व्हरने कळवलेल्या घडामोडींचे चित्र काढणे. कोण मेले, कोण जगले, कोणाच्या थैलीत काय आहे, याचा निवाडा घरच्या संगणकावर कधीच होत नाही.

यंत्रवाद्यांचा दावा आधी तपासावा, कारण तो इतिहासापुढे लवकर कोसळतो. 1978 मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ नावाचा जो खेळ रचला, त्यात चित्र नावालाही नव्हते. खोलीचे वर्णन अक्षरांत येई, खेळाडू अक्षरांतच उत्तर देई, आणि तरीही एकाच खोलीत उभ्या असलेल्या दोन माणसांना एकमेकांची चाहूल लागत असे. त्यानंतर 1986 च्या सुमारास लुकासफिल्मच्या खेळविभागाने ‘हॅबिटॅट’ हे जग कमोडोर 64 या संगणकासाठी चालवून पाहिले. त्या संगणकाची स्मृती 64 किलोबाइट आणि रंग 16, म्हणजे आजच्या साध्या स्मार्ट घड्याळापुढेही तो दुबळा. पण त्या 16 रंगांच्या जगात खेळाडू एकमेकांना लुटू आणि मारू लागले तेव्हा, इथला खून हा गुन्हा मानायचा की खेळाचाच भाग, यावर रहिवाशांत खडाजंगी झाली, मतदान घेण्यात आले आणि एका खेळाडूला शेरीफ म्हणून निवडण्यात आले. कायदा असावा की नसावा हा प्रश्न ज्या वस्तीला पडतो, ती वस्ती खरी की खोटी हे तिच्या चित्रांच्या सुबकतेवरून ठरवता येत नाही.

उलट बाजूचा पुरावा अलीकडचा आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये फेसबुक कंपनीने स्वतःचे नाव बदलून मेटा केले आणि डोळ्यांवर चढवण्याच्या यंत्रातून अनुभवायच्या जगावर आपले भवितव्य लावले. त्या कामाचा भार वाहणाऱ्या विभागाने एकट्या 2022 या वर्षात सुमारे 13.7 अब्ज डॉलरचा तोटा दाखवला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे दिलेल्या बातमीनुसार ‘होरायझन वर्ल्ड्स’ या त्यांच्या जगात महिन्याकाठी 2 लाख माणसेही येत नव्हती. तिथे यंत्र होते, पैसा होता, उत्तम अभियंते होते. परस्परांशिवाय ज्याचे चालत नाही असे काही करण्याचे कारण तेवढे तिथल्या माणसांना मिळाले नाही, आणि त्याची भरपाई पैशाने होत नाही.

याचा अर्थ नवा संगणक निरुपयोगी असतो असा मुळीच नाही, आणि येथे पहिल्या पक्षाला उत्तर देणे भाग आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एकेक भाग निवडून संगणक असेंबल करून घेणारा तरुण केवळ चमचमाटावर पैसे उधळतो, हा समज वरवरच्या पाहणीतून आलेला आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे जग नोव्हेंबर 2004 मध्ये खुले झाले, तेव्हा त्यातल्या सर्वांत मोठ्या मोहिमांना, म्हणजे रेडना, 40 खेळाडू लागत. त्यात शत्रूचे घाव अंगावर घेणारा तो टँक, जखमा भरून काढणारा तो हीलर, आणि उरलेले सगळे वार करणारे. अशा मोहिमेत पायाखालची जमीन पेटली की प्रत्येकाने क्षणात बाजूला सरकायचे असते. जुन्या संगणकावर 40 जणांच्या मंत्रांचा आणि ज्वाळांचा एकाच वेळी भडिमार झाला की सेकंदाला 60 चित्रे काढणारे यंत्र आठ-दहा चित्रांवर येते, पडद्यावरची आग उशिरा दिसते, हीलर मरतो, त्याच्यामागोमाग टँक मरतो, आणि तासाभराची मेहनत सगळ्यांचीच वाया जाते. एसएसडी, म्हणजे वेगवान साठवणसाधन, नसलेल्या संगणकावर नकाशा उघडायला मिनिटभर लागत असेल तर उरलेले 39 जण दारात खोळंबून राहतात. म्हणून नव्या संगणकाचा आनंद खेळाडू सांगतो तेव्हा त्यात दूरवरचे डोंगर स्पष्ट दिसल्याचे कौतुक असतेच, पण आपल्यामुळे आता कोणाचा खोळंबा होत नाही, हे समाधान त्याहून मोठे असते. इतरांच्या उपयोगी पडण्यासाठी साधन सुधारून घेणे याला नासाडी म्हणायचे असेल, तर तबलजीने नवी शाई भरून घेतली तर तीही नासाडीच ठरेल.

यंत्राची मर्यादाही येथेच दिसते, आणि ती भारतीय खेळाडूला इतरांपेक्षा जास्त जाणवते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा सर्व्हर भारतात नाही, पुण्या-मुंबईतला खेळाडू बहुधा युरोपातल्या सर्व्हरवर खेळतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, मुंबईपासून पश्चिम युरोप सरळ रेषेत साडेसहा-सात हजार किलोमीटर दूर आहे, म्हणजे आज्ञा जाऊन उत्तर यायला निसर्गनियमानेच 65 ते 70 मिलिसेकंद हवेत; केबल समुद्रातून वळणे घेत जात असल्याने ही वेळ, जिला खेळाडू पिंग म्हणतात, प्रत्यक्षात शंभराच्या पुढेच राहते. दोन लाखांचे ग्राफिक्स कार्ड बसवले तरी त्यातला एक मिलिसेकंद कमी होत नाही. ‘व्हॅलोरंट’सारख्या नेमबाजीच्या खेळासाठी मुंबईत सर्व्हर बसले, तेव्हा इथल्या खेळाडूंना जो फरक पडला, तो कोणत्याही नव्या संगणकाने पडला नसता.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आइसलंडच्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळजगात घडले. 27 जानेवारी 2014 रोजी तिथे बी-आर5आरबी नावाच्या ग्रहमालेत जी लढाई पेटली, तिचे निमित्त एक थकलेले देणे होते: त्या प्रदेशाचा ताबा टिकवण्यासाठी भरावयाची रक्कम वेळेवर भरली गेली नाही, ताबा सुटला, आणि शत्रूने संधी साधली. साडेसात हजारांहून अधिक पात्रे त्या लढाईत उतरली, टायटन नावाची 75 महाकाय जहाजे नष्ट झाली, नुकसानीचा अंदाज 3 लाख डॉलरच्या घरात गेला, आणि लढाई 21 तास चालली. ती इतकी लांबण्याचे एक कारण तांत्रिक आहे. एका ठिकाणी फार गर्दी झाली की ‘ईव्ह’चा सर्व्हर त्या भागातला काळच मंद करतो, प्रसंगी मूळ वेगाच्या दहाव्या हिश्शापर्यंत, जेणेकरून कोणाचीही आज्ञा हरवू नये. सर्वांत महागडे यंत्र बाळगणारा आणि कामचलाऊ लॅपटॉपवर खेळणारा, दोघेही त्या मंद काळात सारखेच अडकले. काळ ज्याच्या हातात, जग त्याच्याकडे, आणि तो घरच्या यंत्राच्या हातात नाही.

आता पहिल्या पक्षाचा मुख्य आक्षेप: तिथे कमावलेले काही खरे नसते. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी 2001 मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ या जगातील नॉरॅथ नावाच्या भूमीचा अभ्यास केला, तेव्हा तिथल्या वस्तू आणि नाणी लिलावात खऱ्या डॉलरला विकली जात असल्याने त्यांना तिथले दरडोई उत्पन्न मोजता आले, आणि ते रशिया व बल्गेरिया या देशांच्या दरम्यान कुठेतरी बसत होते. हा पुरावा वारंवार दिला जातो, पण तो अपुरा आहे, कारण डॉलरमध्ये बदलता येते तेवढेच खरे, हे आक्षेपकांचेच माप तो मान्य करून बसतो.

अधिक बोलका पुरावा न विकता येणाऱ्या वस्तूंच्या वाटपात सापडतो. चाळीस जणांच्या रेडमध्ये एखादा बलाढ्य शत्रू पडला की त्याच्याकडून दोन-तीनच मौल्यवान वस्तू मिळत, आणि त्या एकदा घेतल्या की दुसऱ्याला देता किंवा विकता येत नसत. चाळीस माणसे, आठवड्याची मेहनत आणि तीन वस्तू, अशा वेळी भांडण अटळ असते. कंपनीने त्यावर धड उपाय दिलेला नव्हता. तो खेळाडूंनीच शोधला. ‘एव्हरक्वेस्ट’च्या गिल्डांमध्ये उगम पावलेल्या आणि डीकेपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत प्रत्येक मोहिमेला हजर राहणाऱ्याच्या नावावर गुण जमा होतात, आणि वस्तू हवी असेल तर ते गुण खर्च करावे लागतात. हिशेब खेळाच्या बाहेर, कोणा विश्वासू माणसाने ठेवलेल्या तक्त्यात असतो. मग प्रश्न निघाले: वर्षभर गुण साठवून ठेवणाऱ्या जुन्या सभासदापुढे नव्याने आलेल्या मेहनती माणसाला कधीच काही मिळणार नाही का? काही गिल्डांनी साठवलेल्या गुणांना दर आठवड्याला ठरावीक टक्क्यांनी कात्री लावली. काहींनी एकाने खर्च केलेले गुण उरलेल्या हजर सभासदांत वाटून टाकण्याची रीत पाडली, म्हणजे एकूण गुणांचा फुगवटा होऊ नये. हजेरी, बचत, चलनवाढ, नव्या-जुन्यांतला न्याय आणि हिशेबनिसावरचा विश्वास हे जे प्रश्न सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत येतात, ते सगळे येथे आले, आणि अर्थशास्त्राचे पुस्तकही न उघडलेल्या विशी-पंचविशीच्या मुलांनी ते आपसांत चर्चा करून सोडवले. अशा कामाला पलायन म्हणणाऱ्याने पलायनात नियमावली कशाला लागते, याचे उत्तर द्यावे.

सप्टेंबर 2005 मधली घटना याहून गंभीर आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये झुलगुरुब नावाचे नवे देवालय उघडले, आणि त्यातला हक्कर हा शत्रू खेळाडूंवर ‘दूषित रक्त’ नावाचा संसर्गजन्य शाप टाकत असे, जो जवळ उभ्या असलेल्यालाही लागे. तो देवालयाबाहेर जाणार नाही अशी कल्पना होती. परंतु खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांतून तो शहरांत पोचला, संगणकाने चालवलेली दुकानदार पात्रे स्वतः न मरता तो पसरवत राहिली, आणि नवख्या खेळाडूंच्या मृतदेहांनी चौक भरले. काही जण स्वतः संसर्गाचा धोका पत्करून इतरांवर उपचार करत होते, काही रानात पळून गेले, काही शहराच्या वेशीवर उभे राहून लोकांना आत येऊ नका असे सांगत होते, आणि काहींनी मुद्दाम रोग गर्दीत नेला. एरिक लॉफ्ग्रेन आणि नीना फेफरमन यांनी 2007 मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात या साथीवर लेख लिहिला, कारण साथीत माणसे प्रत्यक्ष कशी वागतील हे गणिती प्रारूपाला सांगता येत नाही आणि येथे ती वागताना दिसली होती. तिथला मृत्यू खरा नव्हता, हे उघड आहे. कोणाला वाचवायचे आणि कोणाला सोडायचे, हा निर्णय मात्र ज्यांनी घेतला त्यांच्या स्वभावातून आला होता.

तरीही ही सगळी उदाहरणे बाजूला ठेवून कोणी म्हणेल की नाती तरी खोटीच ना. नॉर्वेच्या मॅट्स स्टीन यांचे आयुष्य या आक्षेपाला पुरून उरते. ड्यूशेन प्रकारच्या स्नायुक्षयाने त्यांचे शरीर हळूहळू निकामी होत गेले आणि नोव्हेंबर 2014 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते वारले. मुलगा एकटाच राहिला, त्याला कधी मित्र लाभले नाहीत, हे दुःख आईवडिलांनी उराशी बाळगले होते. त्यांनी मृत्यूची बातमी कळवली तेव्हा निरनिराळ्या देशांतून सांत्वनाची पत्रे येऊ लागली, आणि ‘स्टारलाइट’ नावाच्या गिल्डमध्ये इबेलिन या पात्राच्या रूपाने आपला मुलगा अनेकांचा जिवलग होता, हे त्यांना पहिल्यांदा कळले. गिल्डमधले काही जण परदेशातून अंत्यसंस्काराला आले. बेंजामिन री यांनी मॅट्स यांच्यावर केलेला माहितीपट 2024 मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला, आणि तो शक्य झाला तो गिल्डने वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या संभाषणांच्या नोंदींमुळे. या प्रकरणात आईवडिलांना दोष देणे अन्यायाचे होईल. ते प्रेमाने पाहत होते, पण पडद्याकडे पाहत होते, आणि पडद्यावर त्यांना खुर्चीत बसलेला मुलगा व एक धावते चित्र एवढेच दिसत होते.

व्यसनाचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, ‘गेमिंग डिसऑर्डर’ या विकाराची नोंद केली आहे. त्याची लक्षणे अशी: खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळाला वरचढ स्थान मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे किंवा वाढत जाणे, तेही सर्वसाधारणपणे वर्षभर. या व्याख्येत खेळातले जग खोटे असते असे कुठेही म्हटलेले नाही. ज्याला हा विकार जडला आहे त्याला उपचार मिळायलाच हवेत. पण त्याच्या आजाराच्या आधारे प्रत्येक खेळाडूवर पळपुटेपणाचा शिक्का मारणे हा तर्कदोष आहे. त्याचप्रमाणे पैसे लावून खेळायच्या रमीला आणि आभासी जगाला एकाच पंक्तीत बसवण्याची सवयही सोडावी लागेल; संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा जो कायदा केला, त्यानेही पैशाच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळ वेगळे काढले आहेत.

हे जग खरे मानले की त्यातली इजाही खरी मानावी लागते, आणि खेळाची बाजू घेणाऱ्यांनी ही जबाबदारी अंगावर घ्यायला हवी. ‘लॅम्डामू’ या केवळ अक्षरांच्या जगात एका पात्राने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचाराची वर्णने लादली आणि त्या पात्रांमागच्या माणसांना खरोखर यातना झाल्या, हे ज्युलियन डिबेल यांनी 1993 मध्ये लिहिले. नंतर तिथे मतदानाची पद्धत आली. अशी छळवणूक आजही, विशेषतः आवाज ऐकू येणाऱ्या खेळांत मुलींच्या वाट्याला, येते, आणि ‘खेळच आहे, एवढे काय’ असे म्हणून ती झटकून टाकणारा खेळाडू, जग खोटे म्हणणाऱ्या पालकाचाच युक्तिवाद करत असतो.

यातला सर्वांत मोठा अन्याय मात्र आपल्याकडे फारसा चर्चेत नसतो, कारण पडद्याकडे पाहणाऱ्याला तो दिसत नाही. सर्व्हर बंद केला की जग संपते. ‘सिटी ऑफ हीरोज’ हे जग 30 नोव्हेंबर 2012 रोजी बंद करण्यात आले. खेळाडूंचे संगणक शाबूत होते, विकत घेतलेली तबकडी कपाटात होती, पण वस्ती उरली नाही. ‘द क्रू’ या शर्यतीच्या जगाचा सर्व्हर मार्च 2024 च्या अखेरीस बंद झाला, तेव्हा पैसे मोजून घेतलेला खेळ एकट्यानेही खेळता येईनासा झाला, आणि त्यातून युरोपात उभ्या राहिलेल्या नागरिकांच्या अर्जावर 10 लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये केलेल्या कायद्यानुसार, ग्राहक मालकी विकत घेत नसून केवळ वापराचा परवाना घेतो, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगितले पाहिजे. ते बरेच आहे, पण वस्ती उठणार हे आधी सांगितल्याने वस्ती टिकत नाही. भारतातल्या खेळाडूंनीही सप्टेंबर 2020 च्या बंदीनंतर 30 ऑक्टोबरला ‘पबजी मोबाइल’ची सेवा पूर्ण थांबली तेव्हा आपले क्लॅन, म्हणजे नेहमीच्या सोबत्यांचे गट, विस्कटताना पाहिले आहेत, आणि बंदी योग्य की अयोग्य या वादात त्या तुटलेल्या सोबतीची दखल कोणी घेतली नाही.

उपाय अशक्य नाही. ‘सिटी ऑफ हीरोज’च्या जुन्या रहिवाशांनी ते जग स्वतःच्या सर्व्हरवर पुन्हा उभे केले, आणि मूळ हक्क असलेल्या एनसीसॉफ्ट कंपनीने जानेवारी 2024 मध्ये ‘होमकमिंग’ या त्यांच्या गटाला रीतसर परवाना दिला. भारताच्या 2025 च्या कायद्याचा रोख पैशाच्या देवघेवीवर आहे. त्यात आणखी एवढे बसवता येईल की आभासी जग चालवणाऱ्याने ते बंद करण्यापूर्वी पुरेशी मुदत द्यावी, खेळाडूंना त्यांच्या संभाषणांच्या आणि गिल्डच्या नोंदी हातात द्याव्यात, आणि स्वतः चालवायचे नसेल तर जे रहिवासी चालवू इच्छितात त्यांना सर्व्हरची आज्ञावली परवान्यावर उपलब्ध करून द्यावी.